वरच्या सडकेवरचं दार

सेरोब हल्ली लग्नांना जातो, नाही असं नाही. पण कोपऱ्यातल्या मेजावर कुणाच्या तरी म्हाताऱ्या मावशीशेजारी बसतो, दोल्मा खातो आणि सगळ्यांनी प्याला उचलला की आपलाही उचलून मुकाट्याने पितो. ज्यांनी त्याला पूर्वी पाहिलं आहे त्यांना हे बघवत नाही. चाळीसेक वर्षं या गावातलं एक धड लग्न सेरोबशिवाय लागलं नव्हतं. तो तामादा होता. मेजाच्या टोकाशी उभं राहून कोणाच्या नावाने प्यायचं, आधी कोणाच्या आणि मग कोणाच्या, काय बोलून प्यायचं, हे सगळं तामादाच्या हाती. तो बोलत असताना भुकेला माणूससुद्धा काटा खाली ठेवतो. तसा आमच्या ग्युम्रीत बोलणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. इथे दात उपटून घ्यायला गेलेला माणूसही डॉक्टरला दोन विनोद ऐकवून येतो. पण सेरोबची गोष्ट वेगळी होती. तो बोलू लागला की शेवटच्या मेजावरच्या बहिऱ्या आजोबांनाही वाटे, हा आपल्याशीच बोलतोय.

पोटासाठी तो मोजेकारखान्यात यंत्रं दुरुस्त करी. पुढे कारखाना राहिला नाही, तेव्हा टॅक्सी चालवू लागला. पण काय करतोस असं विचारलं तर उत्तर एकच, "बोलतो." त्याची आई शुशानिक यावर म्हणायची, "देवाने याला जीभ देताना हात आखडला नाही. डोकं देताना मात्र त्याला मागून कुणीतरी हाक मारली असावी."

त्यांचं घर वरच्या सडकेवर होतं. वरची सडक हे काही तिचं खरं नाव नव्हे. पाटीवर आधी झारच्या घराण्यातल्या कुणाचं तरी नाव होतं, मग एका क्रांतिकारकाचं आलं, आता एका कवीचं आहे. ज्यांना पाट्या बदलायच्या त्यांनी बदलल्या, आम्ही वरची सडकच म्हणत राहिलो. काळ्या दगडाची घरं, मध्ये मध्ये लाल दगडाचे पट्टे, लोखंडी नक्षीचे सज्जे. झारच्या काळी तिथे व्यापारी आणि फौजेचे अधिकारी राहत आणि संध्याकाळी बग्ग्यांची ये-जा चाले. सेरोबच्या पणजोबांचा धंदा टोप्यांचा. अधिकाऱ्यांच्या डोक्यांवर त्यांनी हे घर उभं केलं. पुढे राज्य बदललं, एका घराची पाच बिऱ्हाडं झाली आणि टोपीवाल्याच्या वारसांना खालच्या दोन खोल्या उरल्या. तरी सडकेचा तोरा काही उतरला नाही. संध्याकाळी सगळं गाव इस्त्रीचे कपडे घालून तिथे फिरायला येई. खालच्या वस्तीतली पोरं धूळ लागू नये म्हणून नवे बूट हातात घेऊन यायची आणि सडकेच्या तोंडाशी बसून पायांत चढवायची. मुलगी वरच्या सडकेवर दिली, असं सांगताना बापाचा आवाज आपोआप चढायचा.

शुशानिक अशीच खालच्या वस्तीतून आलेली. तिला लग्नात सासर काय दिसलं असेल तर ते दार. अक्रोडाच्या लाकडाचं, उंच, दुपाखी, वर द्राक्षांच्या घडांची कोरीव वेल. सासूने तिच्या खांद्यांवर लवाशच्या पातळ रोट्या ठेवल्या, जिभेवर मध ठेवला आणि पायाशी बशी ठेवली. नवरीने ती टाचेखाली फोडून आत यायचं, ही आमची रीत. शुशानिकने इतक्या जोरात पाय आपटला की बशीची कपची उडून दाराच्या तळाशी बसली आणि लाकडावर चांगला लांब ओरखडा उठला. सासू म्हणाली, "आली, आमची वाघीण आली." तो ओरखडा शुशानिकने कधी बुजवू दिला नाही. पाहुण्यांना ती आधी ओरखडा दाखवायची, मग कॉफी विचारायची.

आत यायची जशी रीत, तशी बाहेर जायचीही आहे. घरातलं माणूस गेलं की शवपेटी बाहेर काढताना दारावर तीनदा टेकवून ठोकायची. गेलेल्याने घराचा निरोप घेतला, असं त्याने होतं. शुशानिकच्या सासूला त्या दारावर ठोकलं, सासऱ्याला ठोकलं, नवऱ्यालाही ठोकलं. नवरा गेला त्या दिवशी तिने सेरोबला जवळ घेतलं आणि म्हणाली, "मी फोडून आले, ठोकून जाणार. लक्षात ठेव."

सेरोबने डोळे पुसत पुसत उत्तर दिलं, "आई, तीनदा काय, सातदा ठोकू. तू उठून ओरडेपर्यंत ठोकू."

"तीनदाच," शुशानिक म्हणाली. "माझ्या दाराला पोचे पाडू नकोस."

मग भूकंप झाला. त्या डिसेंबराबद्दल आम्ही फार बोलत नाही. नव्या उंच इमारती पत्त्यांसारख्या बसल्या, आणि वरच्या सडकेवरची पणजोबांची घरं मात्र बरीचशी उभी राहिली. सेरोबच्या घराची मागची भिंत गेली, पुढची राहिली. माणसं वाचली. पण तपासणीला आलेल्यांनी भिंतीवर लाल खूण केली, इथे राहायचं नाही. बिऱ्हाडांना गावाबाहेरच्या माळावर मदतीत आलेली पत्र्याची घरं दिली, मालगाडीच्या डब्यासारखी. दोन वर्षांत पक्की घरं मिळतील, असं सांगितलं. सेरोबची नातवंडं त्याच पत्र्यात चालायला शिकली, यावरून काय ते समजा.

सामान हलवताना शुशानिकने आधी दार काढायला लावलं. सेरोब आणि तीन शेजारी, दोन्ही फळ्या एकावर एक ठेवून खांद्यांवर घेऊन सडकेने निघाले. ते दिवस असे होते की खांद्यांवरचं काहीही एकाच गोष्टीसारखं दिसे. वाटेतली माणसं बाजूला झाली, पुरुषांनी टोप्या काढल्या. एरवी सेरोबने यावर वर्षभर पुरेल असा विनोद केला असता. त्या दिवशी तो खाली मान घालून चालत राहिला.

त्यानंतरचे काळोखे हिवाळे आमच्या वयाच्या कुणाला विसरता येणार नाहीत. वीज नाही, गॅस नाही, भाकरीसाठी रांग. लोकांनी बागेतली झाडं जाळली, मग खुर्च्या, मग जमिनीच्या फळ्या, मग जुने बूट. पत्र्याच्या भिंतींना आतून बर्फ धरायचं. सेरोबची धाकटी नुने खोकून खोकून निळी पडू लागली, तेव्हा एका संध्याकाळी त्याने कुऱ्हाड उचलली आणि भिंतीशी टेकवलेल्या दारासमोर उभा राहिला.

शुशानिक मध्ये आली. "आधी माझी खाट जाळ."

"आई, तू झोपशील कशावर?"

"ते मी बघते. खाट जाळ म्हणते ना."

खाट जाळली. नुनेला ऊब मिळाली, पोरगी वाचली. शुशानिकने दाराच्या दोन्ही फळ्या विटांवर शेजारी शेजारी ठेवल्या, नक्षीची बाजू खाली, वर गोधड्या अंथरल्या, आणि त्या दिवसापासून ती दारावर झोपू लागली. पुढे वीज आली, पलंगही घेता आला असता. तिने घेतला नाही. सेरोबची बायको ग्रेता म्हणायची, "आमच्या सासूबाई जगात एकट्या, ज्या रोज आपल्या घराच्या दारात झोपतात." म्हातारीला हे ऐकायला आवडायचं.

अशी बरीच वर्षं गेली. मग नोरायर आला. हा त्याच घरातल्या वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचा नातू. भूकंपानंतर आईबापांबरोबर रशियात गेला, तिकडे कमावलं, आणि परत येऊन त्याने वरच्या सडकेवरचं ते पडकं घर नगरपालिकेकडून विकत घेतलं. वाईट माणूस नव्हे. त्याने मागची भिंत जुन्यासारख्याच काळ्या दगडाची बांधली, फोटो बघून सज्जा करवून घेतला, आणि खाली रेस्टॉरंट काढलं. उद्घाटनाच्या जेवणाला तामादा कोण, हा प्रश्नच नव्हता. सेरोबने नवा कोट घातला. शुशानिक गेली नाही. गुडघे दुखतात म्हणाली.

त्या संध्याकाळी सेरोबला जे सुचत होतं ते त्यालाही पुन्हा कधी सुचलं नाही. आपल्याच घरात, आपल्या बापाच्या खोलीत तो तामादा म्हणून उभा होता. मेलेल्यांच्या नावाने झालं, लेकरांच्या नावाने झालं, मग त्याने सडकेच्या नावाने प्याला उचलला.

"या सडकेवरून झारचे अधिकारी गेले," तो म्हणाला, "माझ्या पणजोबांनी शिवलेल्या टोप्या घालून गेले. टोप्या राहिल्या, अधिकारी गेले. मग लाल बावटे आले, बँड आले. तेही गेले. मग आपण आलो, शर्टाला इस्त्री करून, पोरी बघायला. त्या पोरी आज इथे बसल्यात, आणि आपल्याला बघून तोंडं वाकडी करतायत." बायका हसल्या. "जमीन हलली तेव्हा आपण म्हटलं, संपलं. सडक म्हणाली, थांबा जरा. आज तिच्या एका घरात पुन्हा दिवा लागलाय. तो या पोराने लावलाय."

नोरायरचे डोळे भरून आले. तो उठला आणि म्हणाला, "सेरोब काका, सगळं केलं मी. पण दार नाही जमलं. नवं बसवलंय, चार सुतारांनी केलं, तरी माझ्या आजीचं घर वाटत नाही ते."

इथे दुसरा कुणी असता तर त्याच्या पाठीवर थाप मारून पुढे सरकला असता. सेरोबच्या हातात भरलेला प्याला होता आणि सगळं मेज त्याच्या तोंडाकडे बघत होतं. त्याचा स्वतःवर ताबा राहिला नाही. "दार आहे," तो म्हणाला. "माझ्याकडे आहे. उद्या ते आपल्या चौकटीत असेल. पैशाचं नाव काढायचं नाही. या सडकेला सेरोबकडून." सगळे उभे राहिले, प्याले रिकामे झाले, कुणी रडलं, कुणी त्याच्या गालांचे मुके घेतले. ग्रेताने फक्त काटा खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही.

मेजावर प्याला हातात घेऊन दिलेला शब्द आमच्याकडे कुणी परत घेत नाही, आणि तामादा तर नाहीच नाही. घरी जाताना ग्रेता एवढंच म्हणाली, "आईंच्या अंगाखालची खाट देऊन आलास तू."

सकाळी सेरोब मनात म्हणत होता, नोरायर विसरू दे. नोरायर चार माणसं आणि ट्रक घेऊन हजर झाला. शुशानिक दारावर बसली होती, केसांना रुमाल बांधून. ग्रेताने तिला सगळं सांगितलं होतं. सेरोब पत्र्याच्या घराबाहेर चिखलात उभा राहिला, आत यायचं त्याला धाडस होईना.

"आई," तो बाहेरूनच म्हणाला, "तू नको म्हण. मी सांगतो यांना, आई नको म्हणते."

"म्हणजे उद्या गाव म्हणेल, शुशानिकच्या पोराने शब्द गिळला." ती उठली, आपल्या गोधड्या आपणच गुंडाळल्या. "उचला रे."

माणसांनी फळ्या उचलल्या. नक्षी इतक्या वर्षांनी उजेडात आली. म्हातारीने द्राक्षांच्या एका घडावरून बोट फिरवलं आणि नोरायरला म्हणाली, "पोरा, तुझी आजी माझ्याकडून मीठ उसनं न्यायची आणि कधी परत करायची नाही. तू एक गोष्ट कर. माझा दिवस येईल तेव्हा हे दार बंद ठेव, म्हणजे माझ्या पोरांना त्याच्यावर ठोकता येईल."

नोरायरने बापाच्या कबरीची शपथ घेतली. शुशानिकने मान डोलावली. ट्रक गेल्यावर ती सेरोबला म्हणाली, "दाराला त्याची चौकट मिळाली. बरं झालं." यात टोमणा होता की नाही, हे सेरोबला आजतागायत कळलेलं नाही, आणि ते त्याला फार खातं.

नवा पलंग आणला, स्प्रिंगचा. शुशानिक त्यावर झोपायची नाही, नुसती पडायची. दुसऱ्या उन्हाळ्यात एक दिवस ती म्हणाली, मला सडक दाखव. सेरोबने टॅक्सीत घालून नेली आणि समोरच्या फुटपाथाला गाडी उभी केली. दार चौकटीत उभं होतं, चकचकीत, आणि परगावची दोन माणसं त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढून घेत होती.

"पॉलिश केलंय," शुशानिक म्हणाली. "माझा ओरखडा काढून टाकला."

"आत जाऊ या, आई? नोरायर कॉफी पाजेल."

"माझ्या घरात मी कॉफी पाजायची," ती म्हणाली. "चल, घरी चल."

पुढच्या शरद ऋतूत ती गेली, झोपेत, कुणाला त्रास न देता. नोरायर तेव्हा रशियात होता. त्याने फोनवर रडत रडत सांगितलं की सेरोब काका म्हणतील तसं होईल. रेस्टॉरंटच्या व्यवस्थापकाने वेळ बघितली. मातीच्या दिवशी तिथे एक लग्न होतं, पण वरात यायची दुपार टळल्यावर. तुम्ही त्याच्या आधी या, तोवर दार बंद ठेवतो, कुणी आत-बाहेर करणार नाही. सगळं नीट ठरलं. सेरोबने भावकीला सांगून ठेवलं की पत्र्याच्या दारावर ठोकायचं नाही. ठोकणं जुन्या दारावर, आईच्या दारावर.

माळावर सगळी जुनी सडक लोटली होती. पेटी अंगणात ठेवली, दुदुक, म्हणजे आमची शोकाची सनई, वाजवणारे थांबले, पाद्रीबाबांनी आपलं म्हटलं. मग लोकांनी सेरोबकडे बघितलं, आणि सेरोब बोलू लागला. आईबद्दल काय बोलला नाही तो? बशी, ओरखडा, सासू, काळोखे हिवाळे, जाळलेली खाट. लोक रडत होते, मध्येच हसत होते, पुन्हा रडत होते. त्याला थांबवेना. इतकी वर्षं लोकांच्या आयांसाठी बोलला, आज आपल्या आईसाठी बोलत होता. ग्रेताने एकदा बाही ओढली. "पुरे आता. उशीर होतोय." त्याने बाही सोडवून घेतली. तिने पुन्हा ओढली. तो म्हणाला, "एवढं सांगू दे." आणि एवढं सांगून झाल्यावर त्याला आणखी आठवलं.

पेटी खांद्यांवर घेऊन ते वरच्या सडकेच्या कोपऱ्यावर आले, तेव्हा पुढून ढोल ऐकू आला. लग्नाचा ढोल. दार सताड उघडं होतं, दोन्ही फळ्यांना पांढऱ्या रेशमी फिती बांधलेल्या. उंबऱ्यासमोर नवरी उभी होती, जेमतेम विशीतली, आणि सासू तिच्या खांद्यांवर लवाश ठेवत होती.

नवरीच्या वाटेत प्रेत आणायचं नाही. हे सेरोबला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानेच आयुष्यभर लोकांना सांगितलेलं. त्याने हात वर केला. दुदुक थांबलं, मागची माणसं थांबली. पेटी खांद्यांवर तशीच होती, आणि खांदे देणाऱ्यांत तो पुढे होता. नुनेच्या नवऱ्याने मागून हळूच विचारलं, "बाबा, वाट बघायची का?"

तेवढ्यात बशी फुटली. टाळ्या पडल्या, कुणीतरी हसलं, ढोल चढला. नवरी आत गेली.

"डावीकडे वळा," सेरोब म्हणाला.

ते मागच्या गल्लीतून स्मशानाकडे गेले. माती देऊन झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आईला कुठल्याच दारावर ठोकलं नाही. पत्र्याच्याही नाही. तो कबरीपाशी खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्याला उठवायला कुणाला सुचेना, कारण अशा वेळी काय बोलायचं ते दर वेळी तोच सांगत आलेला.

चाळीसाव्या दिवसाचं जेवण झालं. त्यात सेरोब बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टॅक्सी घेऊन वरच्या सडकेवर गेला. रेस्टॉरंट अजून उघडायचं होतं, सडकेवर झाडूवाली सोडून कुणी नव्हतं, आणि दार बंद होतं. तो पुढे गेला. खाली वाकून जिथे ओरखडा होता तिथे हात फिरवला. लाकूड गुळगुळीत लागलं. मग उभं राहून त्याने बोटांच्या पेरांनी दारावर ठोकलं, एकदा, दोनदा, तीनदा. पोचे पडणार नाहीत इतपतच.

आतून पावलं आली. एप्रन बांधलेल्या एका मुलीने दार उघडलं, झोपेतून उठल्यासारखं हसली आणि सवयीने विचारलं, "या. किती जण आहात?"

सेरोबने टोपी काढली. "आत कुणी यायचं नाहीये, पोरी," तो म्हणाला. "एक जण बाहेर जायचं राहिलंय."

मुलीने मागे वळून रिकाम्या मेजांकडे बघितलं, मग पुन्हा त्याच्याकडे बघितलं. तिला काही कळलं नाही. पण म्हाताऱ्या माणसाने दाराची फळी हाताने धरून ठेवली होती आणि तो बाजूला सरून वाट देऊन उभा होता, म्हणून तीही बाजूला सरली. दोघं तसेच थोडा वेळ उभे राहिले. मग गारठा आत येतोय म्हणून तिने हळूच दार लावून घेतलं.